शिंक कामकाजात घ्यायची नसते

ऑक्टोबर सरता सरता
सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर सातवीण फुलते
आणि मी कोर्टात
साक्षीदाराच्या वाक्याच्या मधोमध शिंकतो.
एकदा नाही. मोजून नऊ वेळा.
साहेब पेन खाली ठेवतात.
साक्षीदार घाबरून विचारतो,
"मी काही चुकीचं बोललो का जी?"

मी स्टेनो. बावीस वर्षं
लोकांचं खोकणं, रडणं, अडखळणं ऐकतो
आणि शब्द तेवढे उतरवतो.
शिंक कामकाजात घ्यायची नसते.

घरून निघताना पहिली येते.
मंदा म्हणते, टेका दोन मिनिटं, पाणी प्या.
टेकतो. दुसरी येते.
शकुन पाळायचा म्हटला
तर डिसेंबरपर्यंत उंबऱ्यावरच बसून राहावं लागेल.

उपाय सांगणाऱ्याला नागपुरात फी लागत नाही,
चहा लागतो.
चहा पाजत पाजत
इतवारीतून गुळवेल आणली, दोरखंडासारखी,
रात्रभर भिजवून सकाळी प्यालो
तेव्हा कळलं
'कडू' हा शब्द किती गोड आहे.
हळदीचं दूध मिरे घालून, मग मिरे न घालता.
कलौंजीची पुरचुंडी हुंगली,
त्या दिवशी अकरा.
जलनेतीचं पाणी एका नाकपुडीत गेलं,
ते दुसरीतून यायचं सोडून
सातवीत असताना अंबाझरीत बुडता बुडता वाचलो होतो
थेट तिथं पोचलं.

मेडिकलवाल्या ढोबळेंनी हिरव्या कॅप्सूलची बाटली पुढे केली.
"कांद्यातला अर्क आहे, एकदम नॅचरल."
साठ कॅप्सूल, चौदाशे रुपये.
मंदा म्हणाली,
तेवढ्यात कळमन्याहून दोन पोती कांदे येतात,
आणि रडायलाही मिळतं.

मग रेकॉर्ड रूमच्या वनिता उईके.
फाइलींची धूळ तीस वर्षं खाल्लेली बाई,
कधी शिंकलेली ऐकली नाही.
"ज्या फुलानं त्रास होते न भाऊ,
त्याच फुलाचा मध खाऊन पाहा.
आमच्या कुरखेड्याचा नाही चालत. इथलाच पाहिजे."
इथला म्हणजे
बजाजनगरच्या पाण्याच्या टाकीखालचं आग्यामोहोळ.
त्यांचा भाचा रात्री चढला, खाली आला
तेव्हा एक डोळा बंद आणि हातात
क्वार्टरच्या बाटलीत काळपट मध.

रोज अर्धा चमचा.
आधी गोड. मग घशाशी निंबाचा कडवटपणा.
आणि अगदी शेवटी, जिभेच्या कडेला,
संध्याकाळी सातचा तो रस्ता,
ज्यावरून मी नाकाला रुमाल लावून
स्कूटर जोरात पळवतो.
इतकी वर्षं या शहराला हुंगायला घाबरलो,
आता अर्धा चमचा रोज गिळतो आहे.

डॉक्टर नासरे म्हणाले, पुरावा नाही.
हा शब्द मी दिवसातून चाळीसदा उतरवतो.
खायचा तर खा, म्हणाले, पण गोळी सोडू नका.
सोडली नाही.

सतराव्या दिवशी शिंका पाच.
मधानं, गोळीनं, की कशानं, सांगता येत नाही.
फुलंही गळायला लागली होती,
हेही नमूद.

काल एका म्हातारीची साक्ष होती, शेताच्या बांधाची.
बोलता बोलता तिला शिंक आली.
"माफ करजा साहेब," म्हणाली
आणि पदरानं नाक पुसत
कुठवर आलो होतो ते विसरून गेली.
मी वाचून दाखवलं.
त्या दोन वाक्यांच्या मधे माझ्या वहीत
एक बारीक रेघ आहे.
तिचा कुठल्याही लिपीत उच्चार नाही.
टाइप करताना ती गाळली, नियमाप्रमाणे.
वहीत मात्र राहू दिली.

बाटलीत दोन बोटं मध उरलाय.
चैत्रात निंब फुलतो.
वनिताबाईंच्या भाच्याचा डोळा
तोवर उघडेल म्हणतात.